जबलपूर ते अमरावती : गणित-विज्ञानाच्या बाई कशा घडल्या



आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. जूनच्या अखेरीस घंटा वाजते आणि गावोगावच्या आया एकमेकींना एकच प्रश्न विचारू लागतात, "यंदा गणिताले कोन हाय?" इतिहासाला कोण आहे, मराठीला कोण आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. गणिताची आणि विज्ञानाची चौकशी मात्र होते, कारण ती जागा रिकामी राहू शकते हे प्रत्येकीला ठाऊक असतं.

मी पस्तीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. हा प्रश्न दरवर्षी माझ्या कानावर पडायचा. निवृत्त झाल्यावर सवड मिळाली, तेव्हा मनात आलं, की आपल्या वऱ्हाडात हा प्रश्न किती जुना असेल? अमरावती-अकोल्याच्या शाळेत गणित शिकवणारी बाई पहिल्यांदा कुठून शिकून आली असेल? थोडं वाचलं, थोडं जुन्या शिक्षकांना विचारलं. ते आज तुम्हाला सांगते.

आता कोणी म्हणेल, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा इतिहास ऐकून आम्हाला काय करायचं? तर आधी एवढं ऐका. शाळेत गणिताला कोणी नसलं, की मुलगा सायकल काढून तालुक्याला शिकवणीला जातो. मुलीला रात्रीच्या एसटीनं परत यायला कोण परवानगी देणार? ती घरी बसून सोडवलेली उदाहरणं पाठ करते, दहावीला गणितात कशीबशी पास होते आणि अकरावीला विज्ञान शाखेचं दार तिच्यासाठी लागतं. नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, कृषी या सगळ्या वाटा त्याच दारातून जातात. म्हणजे गावच्या शाळेतली एक रिकामी खुर्ची वर्गातल्या सगळ्याच मुलींचं पुढचं आयुष्य ठरवून टाकते.

आता मागे जाऊ. शंभर-सव्वाशे वर्षं मागे.

एकोणिसाव्या शतकात हायस्कुलात शिकवायला पदवी पुरे, असाच समज होता. ज्याला येतं त्याला शिकवता येतं, असं लोक धरून चालत. प्रशिक्षण असायचं ते प्राथमिकच्या गुरुजींसाठी, नॉर्मल स्कुलात. १८८२ साली हंटर आयोग आला. त्यानं पहिल्यांदा ठळकपणे म्हटलं, की माध्यमिक शिक्षकांनीही अध्यापनाची तत्त्वं आणि पद्धती यांची परीक्षा द्यावी, आणि जे पदवीधर आहेत त्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम इतरांपेक्षा लहान ठेवावा. आजच्या आपल्या बी.एड.चं बीज तिथे आहे. त्या वेळी अख्ख्या हिंदुस्थानात माध्यमिक शिक्षक घडवणाऱ्या संस्था होत्या फक्त दोन, एक मद्रासला आणि एक लाहोरला.

विसाव्या शतकाच्या तोंडावर त्या सहा झाल्या. मद्रासजवळचं सैदापेठ, राजमहेंद्री, कुर्सियांग, अलाहाबाद, लाहोर आणि जबलपूर. या सहांतलं जबलपूर आपल्या कामाचं. पुढे हे कॉलेज स्पेन्स ट्रेनिंग कॉलेज म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

जबलपूरचा आणि आपला संबंध कसा आला? आपला वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला होता आणि तो हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले. १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला गेला. झालं, मध्यप्रांताचं ट्रेनिंग कॉलेज ते वऱ्हाडचंही झालं. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या हायस्कुलातल्या मास्तरला शिकवण्याचं शास्त्र शिकायचं तर आता जबलपूर गाठायचं.

१९०४ साली कर्झनच्या सरकारनं शिक्षणधोरणाचा ठराव काढला. त्यात लिहिलं होतं, की पदवीधरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम असावा, त्यातून विद्यापीठाची पदवी किंवा पदविका मिळावी, आणि प्रत्येक ट्रेनिंग कॉलेजला एक सरावाची शाळा जोडलेली असावी. वाचलेलं आणि केलेलं यांची फारकत होऊ नये, हा त्यामागचा विचार. १९१३ च्या ठरावात तर असं म्हटलं गेलं, की शिकवण्याची पात्रता असल्याचं प्रमाणपत्र नसेल तर कोणालाही शिकवू देऊ नये. कागदावर सगळं चोख होतं.

पण मैत्रिणींनो, कागदावर आगगाडीचा प्रवास नसतो. अमरावतीहून बडनेरा, तिथून मुख्य लाइन धरून अकोला, भुसावळ, मग खंडवा, इटारसी आणि मग जबलपूर. असा मोठा वळसा. राहायचं वर्षभर. पगारदार मास्तरला शाळेनं रजा दिली तर जायचं, नाहीतर नाही. आणि बाई? त्या काळी मॅट्रिक झालेली मुलगी बोटावर मोजावी, पदवीधर त्याहून कमी, त्यातही विज्ञान किंवा गणित घेतलेली सापडली तर नवल. अशा मुलीनं एकटीनं जबलपूरला जाऊन वर्षभर राहायचं, हे किती घरांना पेललं असतं? मुलींच्या शाळा होत्या, पण तिथे गणित म्हणजे हिशेबापुरतं आणि विज्ञान म्हणजे आरोग्याचे नियम. मुलींना वरचं गणित शिकवायला बाई नाही, म्हणून मुली वरचं गणित घेत नाहीत. मुली घेत नाहीत, म्हणून ते शिकवणारी बाई तयार होत नाही. बैल घाण्याभोवती फिरतो तसं हे चक्र कित्येक वर्षं फिरत राहिलं.

१९२३ हे साल लक्षात ठेवण्याजोगं आहे. त्या वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं. आज त्यालाच आपण शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था म्हणतो. पदवी आता घरापासून जवळ आली. हळूहळू पदवीधर वाढू लागले.

मग आले भाऊसाहेब, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख. पापळचे. विलायतेहून डॉक्टरेट घेऊन आले आणि १९३० मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्याच्या मुलापर्यंत हायस्कूल नेलं. पुढे या आणि अशा इतर संस्थांच्या शाळा खेड्यापाड्यांत पसरल्या. शाळा काढणं कठीण, पण त्याहून कठीण काम पुढे होतं. प्रत्येक नव्या हायस्कुलाला एक तरी गणिताचा आणि विज्ञानाचा माणूस हवा. कला शाखेचा पदवीधर मिळायचा. बी.एस्सी. झालेला शेतकी खात्यात जायचा, पोस्टात जायचा, वकिलीचा अभ्यास करायला नागपूरला जायचा. मिळाला तर त्याला सरळ वर्गावर उभं करायचे. बी.टी. नंतर बघू. बी.टी. म्हणजे आजच्या बी.एड.चं जुनं नाव.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. १९५२-५३ मध्ये मुदलियार आयोग बसला. त्यानं सांगितलं, की पदवीधरांचं प्रशिक्षण सध्या एक वर्षाचं ठेवा, पण पुढे ते दोन वर्षांचं करा. हे वाक्य लक्षात ठेवा बरं का, शेवटी परत लागणार आहे.

मधल्या काळात आपल्या भागाचा नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं, आणि १९६० मध्ये आपण महाराष्ट्रात आलो. पन्नास वर्षं ज्या गावाकडे शिक्षक तोंड करून बसले होते, ते गाव आता दुसऱ्या राज्यात. अर्थात तोवर बी.टी. करायला नागपूर झालं होतं आणि पुढे अमरावतीतही शिवाजी संस्थेचं शिक्षण महाविद्यालय उभं राहिलं. जबलपूरच्या वाटेवरची गर्दी ओसरली.

ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडला. आकाशात एक उपग्रह फिरू लागला आणि अमेरिकेत शाळेच्या गणिताची पुस्तकं बदलू लागली. त्याच्या लाटा आपल्यापर्यंत आल्या. १९६१ मध्ये एनसीईआरटी स्थापन झाली. १९६३ पासून गणित-विज्ञानाच्या शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिरं सुरू झाली, त्यांना सगळे समर इन्स्टिट्यूट म्हणत. विद्यापीठ अनुदान आयोग, एनसीईआरटी आणि अमेरिकेची मदत असं मिळून ते चाले. मे महिन्याच्या उन्हात शिक्षक विद्यापीठात जाऊन पुन्हा विद्यार्थी होत.

याच सुमाराला आणखी एक मोठी गोष्ट घडली. एनसीईआरटीनं देशात चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं काढली, अजमेर, भुवनेश्वर, म्हैसूर आणि भोपाळ इथे. महाराष्ट्र भोपाळच्या वाट्याला आला. तिथे एक नवा प्रयोग होता. शाळा संपल्यावर थेट चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात बी.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही एकत्र. म्हणजे रसायनशास्त्र शिकता शिकताच ते मुलांना कसं शिकवायचं तेही शिकायचं. आधी तीन वर्षं विषय आणि मग घाईघाईनं एक वर्ष पद्धत, असं नाही.

या भोपाळची माझीही एक आठवण आहे. शाळेतल्या आमच्या सरांनी मला तिथला अर्ज आणून दिला होता. अकोल्याहून तेव्हा अकोट, धुळघाटावरून खंडव्याला छोटी गाडी जायची, पुढे इटारसी, मग भोपाळ. बाबा तयार होते. आजी म्हणाली, "पोरगी भोपाळले गेली तं तिकडचीच होईन." बाबांनी अर्जाची घडी केली आणि देवघरातल्या पोथीत ठेवून दिली. कोणी रागावलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही. अर्जाची तारीख तेवढी निघून गेली. माझ्या वर्गातला एक मुलगा मात्र गेला. त्याचे मार्क माझ्यापेक्षा कमी होते.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आजीच्या काळजीला कारण होतं. पण यातून मला एक गोष्ट कळली. शिक्षकाचं प्रशिक्षण कितीही चांगलं असो, ते घरापासून किती दूर आहे यावर त्यात मुली किती जातील ते ठरतं. जबलपूरच्या काळी जे खरं होतं, ते भोपाळच्या काळीही खरं होतं.

मुलींचा हा प्रश्न दिल्लीतल्या काही बायांनाही दिसला होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हंसाबेन मेहता यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. या त्याच हंसाबेन, ज्यांनी १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सगळे पुरुष' याऐवजी 'सगळी माणसं' असा शब्द आग्रहानं घालायला लावला. मुलींचा आणि मुलांचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, हा समितीपुढचा विषय होता. तेव्हा कित्येक ठिकाणी मुलींना गणिताऐवजी गृहविज्ञान घेता येत असे आणि ते सोयीचंही समजलं जाई. समितीनं ठाम सांगितलं, मुलगी आहे म्हणून अभ्यासक्रम वेगळा नको.

१९६४ ते ६६ मध्ये कोठारी आयोगानं हेच उचलून धरलं. अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, आणि सदस्य-सचिव आपले कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. आयोगानं म्हटलं, पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं करा, मुलींना हे विषय घ्यायला उत्तेजन द्या आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षिका तयार करण्यासाठी खास प्रयत्न करा. शिक्षिका, असं वेगळं सांगितलं. घाण्याभोवतीचं ते चक्र कुठे तोडायचं, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात अकरावीची जुनी मॅट्रिक गेली आणि दहावी आली. गणित, विज्ञान सगळ्यांना. पुस्तकंही बदलली. त्यात 'संच' आले. ज्या गुरुजींनी स्वतः कधी संच पाहिला नव्हता, त्यांनी तो शिकवायचा. आमच्या शाळेत एक वयस्क सर म्हणायचे, "पोरांच्या आधी एक पान पुढं असलो, की झालं." ते प्रामाणिक होते म्हणून बोलून दाखवायचे. बाकीचे नुसतेच घाबरायचे.

त्याच दशकाच्या अखेरीला मी बी.एस्सी. झाले आणि बी.एड.ला गेले. घरून येऊन-जाऊन करता येईल असं कॉलेज होतं, म्हणूनच गेले. तेव्हा आपली सगळी महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाखाली होती. दोन अध्यापन पद्धती घ्यायच्या, मी गणित आणि विज्ञान घेतल्या. पहिला धक्का भाषेचा बसला. पदवीला सगळं इंग्रजीतून शिकले होते. 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' यांतला फरक मला येत होता, पण वर्गात म्हणायचं होतं 'चाल' आणि 'वेग'. पहिल्या पाठाला मी दोन्हींना वेगच म्हणून बसले. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, मंग फरक काय राह्यला?" निरीक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मला घाम फुटला.

आम्हाला तेव्हा सूक्ष्म अध्यापन नवीनच आलं होतं. ही पद्धत अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास निघाली. पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ, समोर आपलेच सोबती विद्यार्थी म्हणून बसलेले, आणि एका वेळी एकाच कौशल्याचा सराव. आज नुसते प्रश्न विचारायचे, उद्या नुसतं फळ्यावर लिहायचं. हसू यायचं, पण वर्गावर उभं राहिल्यावर त्याचा उपयोग कळायचा. त्याच्या जोडीला जुनी हर्बार्टची पंचपदी होतीच. पाठाची सुरुवात कशी करायची, तर मुलांना जे आधीच माहीत आहे तिथून. पाठाच्या टाचणात 'पूर्वज्ञान' म्हणून एक रकाना असायचा. बहुतेक जण तिथे काहीतरी ठरीव वाक्य लिहून मोकळे व्हायचे. मीही सुरुवातीला तेच केलं.

त्या रकान्याचा खरा अर्थ मला नोकरीत कळला. माझी शाळा अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात होती. तुमच्यातल्या कित्येकींना सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाण्याचा हा पट्टा, जमिनीखालचं पाणी खारं. आठवीला पाण्याचा कठीणपणा शिकवायचा होता. मी टाचण बाजूला ठेवलं आणि विचारलं, "विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते का?" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "नाही." एक मुलगी उभी राहिली, "बाई, मंग डायीत सोडा काहून टाकतेत?"

तो तास मी जन्मभर विसरले नाही. आम्ही बशीत विहिरीचं पाणी घेतलं, उन्हात ठेवलं, दुसऱ्या दिवशी तळाशी पांढरा थर पाहिला. दोन ग्लासांत साबण घोळला, एकात पावसाचं पाणी, एकात विहिरीचं. पावसाच्या पाण्याला फेस आला, विहिरीच्या पाण्यात नुसता दह्यासारखा साका. मग सांगितलं, या पाण्यात मिठासारखे क्षार आहेतच, शिवाय कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचेही आहेत. डाळीच्या दाण्यातला जो पदार्थ शिजल्यावर मऊ पडायला हवा, त्याला हे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात, म्हणून दाणा फुटत नाही. सोडा टाकला की ती पकड सुटते. आईच्या हातचा चिमूटभर सोडा हे रसायनशास्त्रच आहे, हे त्या मुलींना त्या दिवशी कळलं.

गणितातही तेच. पुस्तकात शेकडेवारीला दूधवाला आणि त्याचं पाणी. मी कापूस घेतला. एक क्विंटल कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी सरकी. भाव कापसाला किती, रुईला किती, सरकीला किती? ज्या मुलींना शेकडेवारी जमत नव्हती, त्या तोंडी हिशेब करू लागल्या, कारण जिनिंगवर बाप कसा घासाघीस करतो ते त्यांनी ऐकलेलं होतं. हे मला कुठल्या पुस्तकानं दिलं नाही, पण 'पूर्वज्ञान' हा रकाना कोणीतरी मला भरायला लावला होता म्हणून सुचलं. प्रशिक्षणाचा उपयोग एवढाच असतो आणि तो फार असतो. विषय येणाऱ्या माणसाला समोरच्या मुलीकडे बघायला शिकवणं.

पुढचा इतिहास तुमच्या-आमच्या डोळ्यांदेखत घडला. १ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ झालं, आजचं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. बी.एड.चा कारभार आपल्या अंगणात आला. ऐंशीच्या दशकात मुलींचं शिक्षण मोफत झालं, पुढे एसटीचा मोफत पास आला. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं आणि डी.एड. करून नोकरीला लागलेल्या कित्येक बायांनी घर, नोकरी, लेकरं सांभाळून तिथून बी.एड. केलं. स्टाफरूममध्ये बायांची संख्या वाढली. गणिताच्या तासाला 'सर' ऐवजी 'मॅडम' अशी हाक ऐकू येऊ लागली. १९२३ मध्ये जे अशक्य वाटलं असतं, ते साठ-सत्तर वर्षांत झालं.

पण जवळ आलेली प्रत्येक गोष्ट चांगलीच असते असं नाही. नव्वदनंतर महाविद्यालयं भराभर निघाली. काही उत्तम, काही नुसती पाटीपुरती. प्रयोगशाळेच्या नावाखाली काचेच्या कपाटात धूळ खाणारी चंचुपात्रं. तयार तक्ते दुकानातून आणायचे, टाचणं मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवायची. काही ठिकाणी तर गणित पद्धतीला गणिताचा माणूस नाही आणि विज्ञान पद्धतीला विज्ञानाचा नाही. जे स्वतःच पूर्वज्ञानाचा रकाना उतरवून घेतात, ते आपल्या मुलींना काय देणार?

१९९५ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, म्हणजे एनसीटीई, यावर नजर ठेवायला आली. तरी प्रश्न राहिले. महाराष्ट्रातल्याच डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यानंतर नवे नियम झाले आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत आंतरवासिता. मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं मुदलियार आयोगाचं वाक्य आठवतं? दोन वर्षांचं करा. १९५३ मध्ये सांगितलेलं २०१५ मध्ये झालं. बासष्ट वर्षं लागली.

चांगलं झालं, पण त्याची किंमत कोणी दिली तेही पाहा. एक वर्ष वाढलं म्हणजे एक वर्षाची फी वाढली, आणि मुलीच्या लग्नाची घाई असलेल्या घरात ते एक वर्ष फार मोठं असतं. माझ्या ओळखीची एक मुलगी बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली. घरच्यांनी विचारलं, "अजून दोन वर्षं? आणि मग नोकरी कधी?" त्याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. कारण बी.एड. होऊनही जागा निघायची वाट बघत विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्यावर राबणाऱ्या बाया तिच्या गल्लीतच होत्या.

आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पुन्हा चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आला आहे. २०३० पर्यंत शिक्षकासाठी हीच किमान पात्रता करायची असं धोरण म्हणतं. बारावीनंतर चार वर्षं, म्हणजे बी.एस्सी. आणि दोन वर्षांचं बी.एड. मिळून जी पाच वर्षं लागतात, त्यातलं एक वाचतं. वाचताना मला हसू आलं. हे तर आमचं भोपाळच. देवघरातल्या पोथीतला तो अर्ज इतक्या वर्षांनी पुन्हा बाहेर आला.

आणि म्हणूनच मला काळजी वाटते. अभ्यासक्रम चांगला आहे यात शंका नाही. प्रश्न तोच जुना आहे, तो कुठे असेल? अमरावतीत, अकोल्यात असेल, की नागपूर-पुण्यातच? मेळघाटातल्या धारणीच्या मुलीला, जिची घरची भाषा कोरकू आहे, तिला तो परवडेल का? उद्या धारणीच्या शाळेत गणित शिकवायला तीच सगळ्यांत योग्य आहे, कारण समोरच्या मुलीचं पूर्वज्ञान तिला आपोआप माहीत आहे. पण ती चार वर्षं राहणार कुठे? वसतिगृह आहे का, शिष्यवृत्ती आहे का, शेवटी नोकरी आहे का? जबलपूरच्या काळी हे कोणी विचारलं नाही आणि आपण पन्नास वर्षं गमावली. भोपाळच्या काळी कोठारी आयोगानं शिक्षिकांसाठी खास प्रयत्न करा म्हणून सांगितलं, पण चार वर्षांचा अभ्यासक्रम माझ्यासारखीच्या दारापर्यंत आलाच नाही.

मैत्रिणींनो, थोड्याच दिवसांत शाळेत पालकसभा होईल. तिथे "यंदा गणिताले कोन हाय?" हे जरूर विचारा. पण त्यापुढेही दोन प्रश्न विचारा. एक, गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या बाई किंवा सर पदवीला तेच विषय शिकलेत का, की रिकामी जागा भरायला दुसऱ्याच विषयाचा माणूस उभा केला आहे? दुसरा, प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे आणि ते कुलूप शेवटचं कधी उघडलं? भांडू नका, नुसतं विचारा. आयांनी विचारलं की शाळा ऐकते, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पस्तीस वर्षं पाहिलं आहे.

आणि घरी एखादी मुलगी असेल जी डाळीत सोडा का टाकतात असं विचारते, तर तिला गप्प बसवू नका. पुढची गणित-विज्ञानाची बाई तिच्यातूनच व्हायची आहे. तिच्यासाठी फार दूरची आगगाडी पकडावी लागू नये, एवढंच आपण बघायचं.